एचपीव्हीचा सोळा नंबर तोच, मग एकीचा गेला आणि दुसरीचा का टिकला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडच्या एका ताईंचं वय ३६, दोन मुलं. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूच्या तपासणीत त्याचा १६ नंबरचा प्रकार पॉझिटिव्ह आला, कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी) झाली, बायोप्सीत सीआयएन २ निघालं, म्हणजे कर्करोगाआधीच्या पेशीबदलाच्या १ ते ३ या पायऱ्यांतली मधली पायरी. त्यांच्या जावेलाही मागे १६ नंबरच निघाला होता, पण दीड वर्षात तिची तपासणी निगेटिव्ह आली. आता कुणीतरी सांगितलंय की १६ मध्येही व्हेरिएंट असतात, त्यातले काही जहाल असतात, तेव्हा आपला कोणता ते बघायला नमुना मुंबईला पाठवा. घरचे म्हणतात, कशाला डोक्याला ताप, पिशवीच काढून टाका. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: व्हेरिएंट तपासू का, पिशवी काढू का, आणि बारा वर्षांच्या मुलीला लस दिली तर ती या व्हेरिएंटवर चालेल का?

ताई, आधी उत्तरं देतो, कारणं मागून. व्हेरिएंट तपासायची गरज नाही. सीआयएन २ साठी पिशवी काढत नाहीत. लस चालते. मात्र बायोप्सीची काचपट्टी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवणं आणि पुढच्या सहा महिन्यांची तारीख न चुकवणं, या दोन गोष्टींची गरज आहे, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी आपल्याकडे राहून जातात.

आता व्हेरिएंट म्हणजे काय ते. हा विषाणू म्हणजे जेमतेम ७,९०० अक्षरांचा, गोल कडीसारखा डीएनए आणि त्यावर प्रथिनांचं कवच. कवचाचं मुख्य प्रथिन बनवणारं जनुक एल१. या एल१ मध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असला तर तो नवा प्रकार धरतात आणि त्याला नवा नंबर मिळतो. असे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. एकाच नंबरच्या दोन विषाणूंत संपूर्ण डीएनए मिळून १ ते १० टक्के फरक असला तर त्या वेगळ्या वंशशाखा, आणि ०.५ ते १ टक्का असला तर उपशाखा. सोळाच्या शाखा चार: ए, बी, सी, डी. ए१ ते ए३ ना युरोपीय म्हणतात, ए४ आशियाई, बी आणि सी आफ्रिकी, तर डी मध्ये अमेरिका आणि आशिया-अमेरिका अशी नावं लागलेल्या उपशाखा येतात. आपल्या भागात समजायला सोपं म्हणजे थॉम्पसन द्राक्षातूनच निवडून आलेले तास-ए-गणेश आणि सोनाका. वेल त्याच जातीची, पण मण्यांची ठेवण निराळी.

कोरोनानंतर व्हेरिएंट म्हटलं की लोकांना वाटतं विषाणू दर चार महिन्यांनी रूप पालटतोय. इथे तसं नाही. एचपीव्ही आपला डीएनए आपल्याच पेशींच्या यंत्रणेकडून उतरवून घेतो, आणि ती यंत्रणा चुका तपासून दुरुस्त करणारी आहे. त्यामुळे हा विषाणू फार हळू बदलतो. ए, बी, सी, डी या शाखा काल-परवाच्या नाहीत, माणसाच्या पूर्वजांबरोबर लाखो वर्षांत वेगळ्या झालेल्या आहेत. तुमच्या शरीरात येऊन तो ‘जहाल झाला’ असं काही घडलेलं नाही.

आजार किती गंभीर होईल यात सगळ्यात मोठा फरक पडतो तो नंबराने. कर्करोगाला कारण म्हणून पक्के ठरलेले बारा प्रकार आहेत: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९. त्यातही १६ आणि १८ मिळून जगातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘हाय रिस्क पॉझिटिव्ह’ असेल तर १६ आणि १८ वेगळे करून मागा. ते बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होतं आणि त्यावर उपचाराचा निर्णय बदलतो. शाखा त्याच्या खूप खालच्या पायरीवर येते.

तरीही शाखांचा परिणाम खरा आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत सोळा नंबर असलेल्या सुमारे ३,२०० बायकांच्या विषाणूंचे पूर्ण डीएनए वाचले गेले. डी शाखेतल्या डी२ आणि डी३ या उपशाखा असलेल्या बायकांत कर्करोगाचा धोका ए१-ए२ पेक्षा कितीतरी पट जास्त निघाला, आणि तो विशेषतः ग्रंथीच्या कर्करोगाचा, म्हणजे अॅडेनोकार्सिनोमाचा. ए४ मध्येही धोका वाढलेला दिसला. अठ्ठावन्न नंबरमध्ये हाँगकाँगच्या संशोधकांना विषाणूच्या ई७ नावाच्या प्रथिनात दोन ठिकाणी बदल असलेला असाच एक जास्त धोक्याचा व्हेरिएंट सापडलेला आहे.

२०१७ सालचं काम मला याहून महत्त्वाचं वाटतं. त्यात सोळा नंबरचे ५,५७० नमुने अक्षरनुअक्षर वाचले. दोन बायकांचा विषाणू तंतोतंत एक, असं फार क्वचित निघालं. म्हणजे एकाच शाखेतही जवळपास प्रत्येकीचा विषाणू थोडा निराळा. पण ई७ हे अवघ्या ९८ अमिनो आम्लांचं प्रथिन मात्र कर्करोग आणि कर्करोगाआधीच्या अवस्थेतल्या बायकांत जवळजवळ जसंच्या तसं होतं. ज्यांना आजार झाला नाही, त्यांच्या विषाणूंत ई७ मध्ये जागोजागी बदल जास्त आढळले.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ई७ पेशीतल्या आरबी नावाच्या प्रथिनाला पकडतं आणि पेशीच्या वाढीवरचा लगाम काढतं. त्याचा जोडीदार ई६ हा पी५३ ला नष्ट करवतो, म्हणजे बिघडलेली पेशी स्वतःहून मरायची तीही मरत नाही. ई७ चा आकार जरा बिघडला की हे काम नीट होत नाही. म्हणजे व्हेरिएंट म्हटल्यावर आपण समजतो की बदललेला तो घातक. इथे बरेचदा उलट आहे: न बदललेला ई७ घातक, आणि बदलांनी खिळखिळा झालेला विषाणू निरुपद्रवी. हे बदल करणाऱ्यांत आपल्याच शरीरातली एपोबेक नावाची विकरं आहेत. ती विषाणूच्या डीएनएमधल्या सी अक्षराचं टी करत जातात. असे डाग जास्त असलेले सोळा नंबर, आजार न झालेल्या बायकांत जास्त सापडतात. तुमच्या जावेचा विषाणू कदाचित असा असेल, कदाचित नसेलही. मुळात बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच संपवतं, शाखा कुठलीही असो.

भारतातल्या अभ्यासांत बहुतांश सोळा नंबर ए शाखेचे, म्हणजे युरोपीय गटाचेच निघतात. त्यात ई६ जनुकात, विषाणूच्या डीएनएच्या ३५० व्या जागी टी ऐवजी जी, हा बदल आपल्याकडे भरपूर आढळतो. त्यामुळे ई६ मधलं ८३ वं अमिनो आम्ल ल्युसिनऐवजी व्हॅलिन होतं. रिपोर्टमध्ये एल८३व्ही लिहिलेलं दिसेल ते हेच. युरोपातल्या काही अभ्यासांत हा बदल संसर्ग टिकून राहण्याशी जोडला गेला, इतर ठिकाणी काहीच फरक दिसला नाही. याचं एक कारण बहुधा असं की विषाणूचा तुकडा प्रतिकारशक्तीला दाखवणारी एचएलए प्रथिनं प्रत्येक लोकसमूहात वेगळी असतात. एकाच बदलाकडे स्वीडनमधल्या बाईची प्रतिकारशक्ती एका तऱ्हेने बघेल, निफाडमधल्या बाईची दुसऱ्या तऱ्हेने. म्हणून परदेशातला आकडा उचलून इथल्या बाईला ‘तुमचा व्हेरिएंट वाईट’ सांगणं मला चुकीचं वाटतं. त्यातून हाती येते ती फक्त भीती.

तुमच्यासाठी तपासणी का नको, तेही सांगतो. समजा डी शाखा निघाली. सीआयएन २ चे उपचार तेच. समजा ए१ निघाली. म्हणून उपचार टाळता येत नाहीत, कारण जगातले सोळा नंबरचे बहुसंख्य कर्करोग ए शाखेच्याच विषाणूंनी होतात. ज्या उत्तराने निर्णय बदलत नाही त्या तपासणीवर पैसे घालवू नयेत. त्याच पैशात बायोप्सीवर पी१६ चा रंग करून घ्या (पी१६ हे आपल्याच पेशीतलं प्रथिन, विषाणूच्या सोळा नंबरशी त्याचा संबंध नाही). ई७ ने आरबीला बाजूला सारलं की पेशीत पी१६ साठतं. सीआयएन २ हे निदान पॅथॉलॉजिस्टांमध्येही सगळ्यात डळमळीत: एकाच काचेला एक जण १ म्हणतो, दुसरा ३. पी१६ चा तपकिरी रंग आवरणाच्या तळापासून सलग, दाट पट्ट्यासारखा आला तर खरंच वरच्या दर्जाचा बदल आहे. ठिपक्या-ठिपक्यांनी तुरळक आला तर बहुधा नाही. लॅबकडून पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा मागून घ्या, तो तुमचा आहे.

डी शाखेच्या माहितीतून मात्र एक धडा सगळ्या डॉक्टरांनी घ्यावा. ग्रंथीचा आजार गर्भाशयमुखाच्या नळीत आत असतो. व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायच्या तपासणीत तो दिसत नाही, पॅपमध्येही (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) बरेचदा सुटतो, एचपीव्ही तपासणीत सापडायची शक्यता जास्त. पॅपच्या रिपोर्टवर ‘एजीसी’ (ग्रंथीच्या पेशी संशयास्पद) अशी अक्षरं असतील तर सहा महिन्यांनी पॅप पुन्हा करू, हे चालत नाही. थेट कॉल्पोस्कोपी करायची, बाई गरोदर नसेल तर नळीतला नमुना घ्यायचा, आणि वय ३५ किंवा जास्त असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचाही.

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्यामुळे या विषयावर प्रबंध करायची इच्छा असलेले विद्यार्थी भेटतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ताई, हा भाग तुम्ही सोडलात तरी चालेल. सगळ्यात मोठी चूक होते तुलनेत. कर्करोगाचे नमुने एका बाजूला आणि विषाणूच नसलेल्या निरोगी बायका दुसऱ्या बाजूला, यातून शाखेबद्दल काहीही कळत नाही. दुसऱ्या गटातही सोळा नंबर असलेल्या, पण पेशी सामान्य असलेल्या किंवा नंतर संसर्ग निघून गेलेल्या बायकाच हव्यात. दोन्ही गट एकाच भागातले हवेत. शहरातल्या कर्करोग रुग्णालयात धुळे, नंदुरबार, जळगावहून रुग्ण येतात आणि तपासणी शिबिर मात्र सिडकोत घेतलेलं असतं. मग सापडलेला फरक विषाणूचा की वस्तीचा, ते सांगता येत नाही. संख्याही पुरेशी हवी. समजा ५० कर्करोग आणि ५० सामान्य घेतले आणि डी शाखा ७ विरुद्ध ३ आली. वाचायला दुपटीहून जास्त वाटतं, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज येतो.

प्रयोगशाळेत अडतं ते असं. मिथेनॉलच्या द्रवातले नमुने चांगले, फॉर्मलिन लागलेले अवघड, कारण त्यात डीएनएचे तुकडे होतात. पॅराफिन ब्लॉकमधून ४५० अक्षरांचा एमवाय०९/११ चा तुकडा बरेचदा उठत नाही, दीडशेच्या आसपासचा जीपी५+/६+ उठतो. म्हणून ई६ सुद्धा एकमेकांवर चढणाऱ्या छोट्या तुकड्यांत वाचा. आधी बीटा-ग्लोबिन लावून डीएनए शाबूत आहे का ते बघा, नाहीतर खराब नमुना निगेटिव्ह म्हणून मोजला जाईल. कर्करोगात विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसतो तेव्हा ई२ तुटतो आणि कधी एल१ सुद्धा गळतो. अशा वेळी एल१ वर बेतलेली चाचणी नेमकी कर्करोगातच निगेटिव्ह येते. ई६-ई७ वरची चाचणी सोबत हवीच.

आणखी एक खोड फार फसवते. फॉर्मलिनमध्ये जुन्या झालेल्या ब्लॉकमध्ये सी अक्षर आपोआप बिघडून टी सारखं वाचलं जातं. एपोबेकची खूणही हीच, सी चं टी. युरॅसिल काढणारं विकर न वापरता जुने ब्लॉक वाचले, की शरीराने केलेला बदल आणि फॉर्मलिनने केलेला बदल वेगळा काढता येत नाही. प्रत्येक नवा बदल दुसऱ्यांदा, स्वतंत्र पीसीआर करून तपासा. सँगरच्या आलेखात ३५० व्या जागी टी आणि जी ची दोन शिखरं एकावर एक दिसली, तर मोठं शिखर धरून पुढे जाऊ नका. ते मिश्र संसर्गाचं लक्षण असू शकतं आणि तसंच नोंदवायला हवं.

आता ताई, तुमचं काय करायचं ते. सीआयएन २ बद्दलच्या अनेक अभ्यासांची बेरीज २०१८ मध्ये झाली. त्यात नुसत्या देखरेखीखाली दोन वर्षांत साधारण निम्म्या बायकांचं आपोआप कमी झालं, ३२ टक्क्यांचं तसंच राहिलं आणि १८ टक्क्यांचं पुढे सरकलं. सोळा नंबर असेल तर कमी होण्याची आशा सरासरीपेक्षा थोडी कमी धरावी. तुम्हाला आणखी मूल हवं असेल, कॉल्पोस्कोपीत पेशी बदललेला भाग पूर्ण दिसत असेल आणि नळीत काही नसेल, तर दर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी करून दोन वर्षांपर्यंत थांबता येतं. मूल नको असेल, किंवा फेरतपासणीत ३ निघालं, तर लीप करून घ्या. सीआयएन ३ ला थांबायचं नाही. न्यूझीलंडमध्ये ज्या बायकांवर नीट उपचार झाले नाहीत, त्यांच्यातल्या जवळपास ३० टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला.

लीपमध्ये तारेच्या गरम कडीने गर्भाशयमुखाचा बाधित भाग कापून काढतात. जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी. तुकड्याची जाडी शक्यतो ७ ते १० मिलिमीटर. त्याहून खोल गेलं तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूतीचा धोका वाढतो. नंतर दोन ते चार आठवडे पाणचट किंवा काळपट स्राव होतो, त्याला घाबरू नका. दुसऱ्या आठवड्यात खपली निघताना रक्त दिसू शकतं. मात्र तासाला एक पॅड भिजायला लागला किंवा ताप आला, तर रात्रीचीही वेळ असो, दवाखाना गाठा. चार आठवडे संबंध नको, पाण्याच्या कळशा, पोती उचलणं नको. रिपोर्टमध्ये ‘कडा मोकळ्या’ असं लिहिलंय का ते बघा, आणि सहा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी. मोकळ्या कडा असूनही आजार परतू शकतो, तो याच तपासणीत सापडतो.

पिशवी काढण्याबद्दल स्पष्टच लिहितो. सीआयएन २ साठी ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि तिने विषाणू जातोच असं नाही, योनीच्या वरच्या टोकाला तो राहू शकतो. त्याहून वाईट म्हणजे आत लपलेला कर्करोग न ओळखता साधी पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

शरीराची बाजूही बघा. विडी-सिगारेट हे पक्कं सिद्ध झालेलं पोषक कारण आहे. मिश्री लावत असाल तर तीही सोडा. एचआयव्हीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, एचआयव्ही असलेल्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. नवऱ्याला दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका. हा संसर्ग बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होतो आणि तुमचा नेमका कधी आला ते कुठल्याच तपासणीत कळत नाही.

तारीख न चुकवण्याचं मी एवढं का लावून धरतो, तर आपल्या जिल्ह्यात आजार वाढतो तो बरेचदा तिथेच. पेठ-सुरगाण्याच्या बायका छाटणीला दिंडोरी-निफाडला उतरतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. एप्रिलमध्ये तपासलेल्या बाईला सहा महिन्यांनी बोलावलं तर ती दोन्ही वेळा बागेत असते. त्यांच्यासाठी पहिली तपासणी पावसाळ्यात, भाताची आवणी उरकल्यावर, गावातच ठेवावी. विषाणू सापडला, पेशी बदललेला भाग पूर्ण दिसतोय, नळीत शिरलेला नाही, गर्भाशयमुखाचा तीन चतुर्थांशाहून कमी भाग व्यापलाय आणि कर्करोगाचा संशय नाही, तर हातातल्या यंत्राने त्याच भेटीत जागा शेकून टाकावी. आपल्याच राज्यात उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या अभ्यासात कुणाचीही शाखा तपासली नव्हती.

मुलीच्या लशीचं. लस कवचाच्या एल१ प्रथिनावर बेतलेली असते आणि सोळाच्या सगळ्या शाखांची कवचं प्रतिकारशक्तीला एकसारखीच ओळखू येतात. ए असो वा डी, तीच लस लागू पडते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ वर आहे. गार्डासिल ९ मध्ये त्यात ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ जास्तीचे. मुलगी बारा वर्षांची आहे, म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरावं पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन लागतात. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा, या वयात मुलींना भोवळ येते.

आणि जावेचं: तिची एक तपासणी निगेटिव्ह आली ही चांगली गोष्ट, पण १६ एकदा येऊन गेलाय. नेहमीच्या पाच वर्षांच्या अंतरावर विसंबायच्या आधी, पुढच्या वर्षी तिची एचपीव्ही तपासणी आणखी एकदा करून घ्या. पाळी संपल्यावर जा, आणि आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायची गोळी नको, आतून पाण्याने धुणं नको.